मिठाच्या पाण्याला टिकलेली आई

मंगळवार, सकाळ

प्रिय मावशीस,

वाकून नमस्कार. मनगट आणि घोटा दोन्ही कसे आहेत? प्लास्टरच्या आत खाज सुटते असं आईकडून कळलं, आणि तू आत विणायची सुई घालतेस असंही कळलं. घालू नकोस. (पृष्ठभागाला ओरखडा गेला की त्यावर पुढचं काही नीट बसत नाही. हे मी पत्र्याबद्दल शिकले आहे, पण कातडीचंही तेच असावं.) काका तुझी वेणी घालतात हे ऐकून इथे सगळ्यांना बरं वाटलं, ती वेणी कशी दिसते हे कोणी विचारलं नाही. आमच्याकडे सगळे ठीक. धाकटी सासरी पोचली आणि तिथे ती मजेत आहे, असं ती दिवसातून तीनदा फोन करून सांगते. बाबा ठीक. आईची तब्येत उत्तम आहे. आईच्या चेहऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं आणि त्यासाठीच हे पत्र. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच "थांब, आधी मला एक सांग" म्हणतेस आणि माझा क्रम बिघडतो.

तर क्रमाने. दादाच्या लग्नातला मोठा फोटो तुला आठवत असेल. आमच्या बाहेरच्या खोलीत, घड्याळाच्या खाली आहे तो. त्यात दादा देखणा आला आहे, वहिनी देखणी आली आहे, बाबांचे दोन्ही डोळे उघडे आहेत (हे आजवर एकाच फोटोत घडलं), आणि म्हणून तो उतरवता येत नाही. मधोमध आई आहे आणि आईच्या डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत काजळाचे दोन सरळ ओघळ आहेत. नवा पाहुणा आला की आधी फोटोकडे बघतो, मग आईकडे बघतो, आणि चहा संपेपर्यंत हवापाण्याबद्दल बोलतो. सहा वर्षं आई त्या भिंतीकडे पाठ करून बसते आहे. (त्या दिवशीचं काजळ तू घातलेलं होतंस. मी दोष देत नाही, फक्त नोंद करते आहे. आईही दोष देत नाही. "ताईनं चांगलंच घातलं होतं, मीच रडले," एवढंच म्हणते.)

धाकटीचं लग्न ठरल्यावर आईने मला सांगितलं की फोटोच्या वेळी ती मागे सामानापाशी बसणार, कारण सामानाकडे कोणीतरी बघायला हवं. त्याच संध्याकाळी धाकटीने मला सांगितलं की आई उभी राहणार नसेल तर फोटोवाल्याला बोलावूच नका. दोघींनी एकमेकींना काही सांगितलं नाही. (या घरात मी फारशी बोलत नाही म्हणून सगळे मला सांगतात, आणि सगळे मला सांगत असतात म्हणून मला बोलायला वेळ मिळत नाही.) मी तरी निश्चिंत होते, कारण तू येणार होतीस. मग तू पडदे बदलायला स्टुलावर चढलीस.

तुझं पार्सल मिळालं. अठरा रंगांचं आयशॅडोचं पॅलेट, चार रंगांचं हायलायटरचं पॅलेट, सात ब्रश, बाकीच्या बाटल्या. सोबत तू चाळीस मिनिटं फोनवर सूचना दिल्यास, त्या मी लिहून घेतल्या. त्यात "थोडंसं" अकरा वेळा, "जरासं" सात वेळा, "किंचित" चार वेळा आणि "हाताला कळतं गं ते" सहा वेळा आलं आहे. थोडंसं आणि जरासं यांत जास्त कोणतं, असं मी विचारलं तेव्हा फोन बंद झाला. रेंज गेली असावी, असं मी धरलं आहे. रंगांच्या नावांचाही काही उपयोग झाला नाही. "महाराणीचा रुसवा" हा रंग तपकिरी आहे. "तिसरी भेट" हाही तपकिरी आहे, पण एक छटा फिका, आणि "खट्याळ" नावाचा रंग पेटीतला सगळ्यांत गंभीर आहे. मी सगळ्यांना एक ते अठरा नंबर दिले आणि मग मला शांत वाटलं.

तुला माझं काम नेमकं काय ते कधी नीट कळलं नाही, (तू ओळखीच्यांना "भाची पेंटर आहे" असं सांगतेस हे मला माहीत आहे), म्हणून थोडक्यात सांगते. आमचा कारखाना ट्रॅक्टरला आणि पाण्याच्या पंपांना लागणारा रंग बनवतो. तो रंग नमुन्याशी जुळतो का, पत्र्याला धरून राहतो का आणि पाऊस-ऊन-मीठ सोसतो का, हे मी तपासते. त्यामुळे पार्सल उघडल्यावर पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती ही की मेकअप हा काही वेगळा विषय नाही. आधी पृष्ठभाग साफ करायचा, मग प्रायमर, मग रंग, मग वरचं संरक्षण. हे मी रोज करते. फरक एवढाच की ट्रॅक्टर रडत नाही. आणि तेही पूर्ण खरं नाही, कारण समुद्राकाठी जाणाऱ्या मालासाठी आमच्याकडे मिठाच्या फवाऱ्याची पेटी आहे. रंगवलेला पत्रा तिच्यात ठेवायचा, आत खारं धुकं सोडायचं, आणि किती तासांनी रंग हार मानतो ते बघायचं. अश्रू म्हणजे शेवटी कोमट मिठाचं पाणीच. प्रश्न सोडवण्यासारखा आहे, हे मला तिथेच कळलं.

त्या मिठाच्या पेटीत मी हात घातला नाही. (बाबांना वाटतं, घातला.) डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत अठरा चौकोन आखले, प्रत्येकात एक रंग भरला, शेजारी पेनाने नंबर घातला, आणि जेवणाच्या सुट्टीत ड्रॉपरने त्यांवर मिठाचं पाणी सोडत बसले. अश्रूंइतकंच खारट, अंगाइतकंच गरम. दर पाच मिनिटांनी नोंद. तेवढ्यात कारखान्याचे डॉक्टर हात धुवायला आले. त्यांनी माझा हात बघितला, नंबर बघितले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "हे कधीपासून आहे?" मी म्हटलं, साडेबारापासून. ते म्हणाले, "आणि नंबर कोणी घातले?" मी म्हटलं, मीच. त्यानंतर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं.

त्यातून मला सोडवलं ते आमच्या विभागप्रमुख बाईंनी. त्यांना आम्ही पाठीमागे मायक्रॉनबाई म्हणतो, कारण त्यांचं डब्यातल्या पोळीच्या जाडीबद्दलही मत असतं. त्यांनी चष्मा वर केला, माझा हात खिडकीपाशी ओढला, आणि मला वाटलं, गेली नोकरी. त्या म्हणाल्या, "सात, नऊ आणि बारा सुटलेत. पहिला थर वाळायच्या आत दुसरा दिलास ना?" मी दिला होता. (तूही फोनवर "प्रायमर जरासं बसू दे" म्हणाली होतीस. जरासं म्हणजे सहा मिनिटं. तुझ्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.) दुसऱ्या दिवशी मी सहा मिनिटं थांबून पुन्हा सगळं केलं. चार, पाच आणि अकरा हे तीन रंग पूर्ण सुट्टीभर रडूनही जागचे हलले नाहीत. काजळ मी यादीतूनच काढून टाकलं.

राहिला प्रश्न दिव्यांचा. एकच रंग उन्हात एक दिसतो आणि पिवळ्या दिव्याखाली दुसरा, हे तुलाही माहीत असणार. हायलायटर तर त्याहून लबाड. त्यात अभ्रकाचे कण असतात आणि ते कुठून बघता त्यावर चमकतात किंवा चमकत नाहीत. म्हणून मी रविवारी प्रकाश मोजायचं यंत्र घेऊन हॉल बघायला गेले. आत शिरले, छताकडे बघितलं, यंत्र काढलं, वहीत आकडा लिहिला. हॉलचा मॅनेजर पळत आला. मला खुर्ची, पंखा, पाणी. मी स्टेजपाशी दुसरा आकडा लिहिला तेव्हा त्याने न विचारताच सांगितलं की मागच्या खोलीतली ती उघडी वायर उद्याच्या उद्या झाकली जाईल. मी काहीच बोलले नाही. (मी एरवीही बोलत नाही, पण या वेळी त्याचा फायदा झाला.) निघताना म्हटलं, पुढच्या रविवारी मी पुन्हा येणार आहे. ते खरंच होतं. वायर झाकली गेली, आणि शिवाय स्टेजवरचे दोन बंद दिवेही लागले.

आता हायलायटर कोणावर बघायचा? माझ्यावर बघून उपयोग नव्हता, माझी कातडी आईपेक्षा वेगळी. आई तर पॅलेटच्या जवळही येईना. ते पार्सल आल्यापासून ती त्या टेबलाला वळसा घालून जात होती. मी घरातल्या सगळ्यांचे गाल रंग मोजायच्या यंत्राने मोजले आणि असं दिसलं की आईच्या गालाचा रंग बाबांच्या गालाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. तीस वर्षं एकाच गॅलरीत शेजारी बसून चहा प्यायल्याचा परिणाम असावा. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "दुखतं का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग कर." उजव्या गालाच्या हाडावर हायलायटरचा दोन नंबर, डाव्यावर तीन नंबर, आणि बाबा तसेच दुकानात गेले.

बाबांचं दुकान तू बघितलं आहेस. घड्याळं दुरुस्त करताना टेबलावरचा दिवा त्यांच्या तोंडाशी असतो आणि एका डोळ्याला भिंग. म्हणजे प्रकाश बरोबर गालावर, तिरका. यापेक्षा चांगली तपासणी मला प्रयोगशाळेतही करता आली नसती. समोरच्या चष्मेवाल्याने बारा वाजता येऊन विचारलं, कुठे सुट्टीवर जाऊन आलात का. दोन गिऱ्हाइकांनी तब्येतीचं रहस्य विचारलं. एक बाई बंद घड्याळ द्यायला आल्या आणि चालू घड्याळही देऊन गेल्या. संध्याकाळी बाबा घरी आले, आरशात दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "डावीकडचं जास्त चांगलं आहे. उद्या दोन्हीकडे तेच लाव." मी सांगितलं की तपासणी संपली. ते म्हणाले, एका दिवसाच्या निकालावर तुमच्यात निर्णय घेतात का? तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशीही.

आणि तिथे ते घडलं, जे माझ्या योजनेत कुठेच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या डबीत काही उरलंय, की सगळं तुझ्या बाबांवरच संपवलंस?" मी म्हटलं, उरलंय. "नाही, ते हल्ली दुकानात फार वेळ थांबतात म्हणून विचारलं," आई म्हणाली. मग एक टॉवेल तीन वेळा घडी करून म्हणाली, "मी रडणार आहे, हे आधीच सांगते." मी म्हटलं, रड, ते गृहीत धरलं आहे.

लग्नाच्या दिवशी सकाळी आठला आईला खिडकीपाशी बसवलं. प्रायमर, सहा मिनिटं. पापणीवर आधी पाच नंबर, खळगीत अकरा, मधोमध बोटाच्या टोकाएवढा चार. मग गालाच्या हाडावर, कपाळाच्या मधोमध, नाकाच्या दांड्यावर आणि वरच्या ओठाच्या खाचेवर हायलायटर तीन नंबर, हॉलच्या पिवळ्या दिव्यांचा हिशेब करून. शेवटी वरून फवारा, आणि तो वाळेपर्यंत तिने सलग अकरा मिनिटं बोलायचं नाही असं ठरलं. तिने ते पाळलं. तू तिची सख्खी बहीण आहेस, तुला हे पटणार नाही, पण बाबा साक्षीला आहेत. ते दहाव्या मिनिटाला घाबरून विचारायला आले होते.

हॉलवर पोचलो तर फोटोवाल्याने स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्वतःचे दिवे उभे केलेले. पांढरे आणि प्रचंड. माझे आकडे, माझी वही, माझे दोन रविवार, सगळं फुकट. त्या प्रकाशात आईचं कपाळ आणि नाक नव्या पंपासारखं चमकायला लागलं. धाकटी लग्नाच्या रजिस्टरवर सही करायला टेबलाशी निघालेली, आई तिच्यामागून स्टेजवर चढणार, आणि माझ्याकडे धुवून पुन्हा करायला पन्नास मिनिटं नव्हती, चारसुद्धा नव्हती. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "मी जाते सामानाकडे." मी तिला खांबाआड घेतलं. ब्रश पिशवीत, पिशवी गाडीत. शेवटी मी अनामिकेने नाकावरचं थोडंसं पुसलं, कपाळावरचं जरासं पसरवलं आणि गालावर किंचित ठेवलं. किती, ते मला सांगता येणार नाही. मोजलं नाही. हाताला कळलं. (हे वाक्य मी फक्त या पत्रात लिहिते आहे आणि पुरावा म्हणून ते ग्राह्य धरू नये.)

अकरा वाजून सात मिनिटांनी धाकटीने सही करायला पेन टेकवलं आणि ते उमटेना. तिने झटकलं, फुंकर मारली, शेवटी बाबांनी खिशातलं आपलं पेन दिलं. आईला पहिलं रडू त्या पेनावरून आलं. पुढे कारणं बदलत गेली, पण रडू तेच राहिलं. मधे जेवणाची वीस मिनिटं सोडून एकूण दोन तास चाळीस मिनिटं. मी खुर्ची तिच्यापासून दोन हातांवर ठेवली होती आणि बघत होते. अश्रू पापणीवरून खाली यायचे, गालावरून सरळ घरंगळायचे, हनुवटीवरून पदरात पडायचे आणि मागे काहीच ठेवायचे नाहीत. ओघळ नाही, डाग नाही, कडेला सूतभर रेघ नाही. आमच्या कारखान्यातल्या कोणत्याही पत्र्याने इतकी शिस्त दाखवलेली नाही. मायक्रॉनबाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी लांबूनच बघितलं आणि एकदाच मान हलवली. मला नोकरीत कायम केलं तेव्हाही त्यांनी तेवढीच हलवली होती.

फोटोत आई मधोमध आहे. फोटोवाला म्हणाला, काकू, रडणं थांबलं की सांगा. आई म्हणाली, "तुम्ही काढा हो, मला काही होत नाही." असा तो फोटो आहे. ती रडते आहे आणि हसते आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर फक्त तिचा चेहरा आहे. बाबांचे डोळे मिटलेले आहेत, पण त्याला माझा इलाज नाही. नंतर नवऱ्या मुलाची आत्या, (हातात आरसा घेऊन फिरणारी, रागीट), आईला विचारायला आली की कोणत्या पार्लरमधून करून घेतलं. आई म्हणाली, "आमच्याकडे घरीच करतात." जणू चार पिढ्यांपासून करतो. तेव्हा मलाही रडू यायला लागलं. मी हॉलमधल्या खुर्च्या मोजायला घेतल्या, कारण मी स्वतःला प्रायमर लावलेलं नव्हतं.

तुझ्या सूचनांशिवाय हे झालं नसतं. तुझ्या सूचना मोजमापात असत्या तर लवकर झालं असतं. काकांना नमस्कार सांग. वेणीचा एक फोटो पाठव, धाकटीला बघायचा आहे.

तुझी भाची

ता. क. एक छोटी तांत्रिक शंका. हे काढतात कशाने? रविवारी लावलं, आज मंगळवार, आणि अजून रंग तसूभर हललेला नाही. चिकटून राहण्याच्या बाबतीत मी आधी ठरवलेली मर्यादा त्याने केव्हाच ओलांडली आहे. आमच्याकडे पत्र्यावरचा रंग काढायचं एक द्रव आहे, पण ते मी आणणार नाही, काळजी करू नकोस. तुझ्या चाळीस मिनिटांत लावायचं सगळं होतं, काढायचं एक अक्षर नव्हतं.

ता. क. २. वरचा निकाल रद्द समजावा. आत्ता कप विसळताना बाबांनी सांगितलं की आईने रविवारपासून तोंडच धुतलेलं नाही. ओल्या रुमालाने कडेकडेने टिपते आणि दोन उशा लावून उताणी झोपते, कूस बदलत नाही. मी जाऊन विचारलं. आधी म्हणाली, पाणी गार होतं. मग म्हणाली, फोटो आलाय पण त्यात ती चमक कळत नाही. (हे बरोबर आहे. ती कोनावर अवलंबून असते, कागदावर येत नाही.) मग म्हणाली, "ताईनं प्रत्यक्ष बघायला हवं. दादाच्या लग्नापासून तिनं कोणाला काजळ घातलं नाही, तुला माहीतेय?" मला माहीत नव्हतं. मला इथे सगळे सगळं सांगतात, पण हे कोणीच सांगितलं नव्हतं.

ता. क. ३. हे पत्र दादाच्या हाती पाठवते आहे. तुझ्या पायाचं प्लास्टर गुरुवारी निघणार आणि दादा शुक्रवारी सकाळी परत निघणार. गाडीची मागची सीट तुला पाय पसरायला रिकामी ठेवली आहे, एक उशीही ठेवली आहे. (आईच्या दोनांपैकी नाही.) तू बघितल्याशिवाय ती चेहऱ्याला पाणी लावणार नाही आणि मला तिला शुक्रवारपर्यंतच टिकवता येईल. तर ये. येताना ते काढायचं जे काय असतं ते घेऊन ये, आणि काजळाची डबीही आण. आईने सांगितलं आहे. शुक्रवारी थोडंसं लवकर निघ. थोडंसं म्हणजे किती, ते मी आता विचारत नाही.